पाणाड्याचा नारळ

१९७२च्या दुष्काळानंतर दादांनी विहीर पाडायची ठरवली. पाणाड्या आला. तळहातावर आडवा नारळ ठेवून अनवाणी सगळं रान फिरला. बांधाजवळ नारळ उभा राहिला. "हितं पाणी हाय," म्हणाला. सुरुंग लावून ४० फूट गेलो, नुसता काळा पाषाण. त्यात आईची बोरमाळ गेली. आणि पन्नास पावलांवर चुलत्यांच्या विहिरीला बारमाही पाणी! मी पाणाड्याला चारचौघांत लबाड म्हणालो. तो खाली मान घालून निघून गेला.

पुढं शिकलो. आपलं रान म्हणजे ६ कोटींहून जास्त वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. अखंड कातळात पाणी नसतं. असतं ते भेगांत आणि मुरमात. म्हणून एकाला लागतं, शेजाऱ्याला लागत नाही. एवढं कळल्यावर मी मशीनवाला आणला. त्यानं दाखवलेल्या जागी बोअर मारलं. ३०० फूट नुसता फुफाटा उडाला.

"अंदाज चुकला," मी म्हणालो.

दादा शेजारीच उभे होते. म्हणाले, "मग त्याचाबी अंदाजच चुकला हुता की, पोरा."

नारळ मला आजही पटत नाही. भेगांचं शास्त्र खरंच आहे. पण जमिनीखालचं दोघांनाही दिसत नव्हतं. एकाच्या चुकीला मी अंदाज म्हणालो, दुसऱ्याच्या चुकीला लबाडी. नारळ खोटा असेल; तो फिरवणारा माणूस खोटा होता, हे मला कुठून दिसलं? त्या पाणाड्याची गाठ पुन्हा पडली नाही.