एका वाहनाचे दोन धर्म

आपल्या आनंदासाठी एखाद्या वस्तूत किती फेरफार करावा, हा प्रश्न आम्हांस पूर्वी कधी पडला नव्हता. कारकुनाच्या घरात वस्तूच मुळी थोड्या, त्यातून नोकरी बदलीची. ज्याला दर काही वर्षांनी बिऱ्हाड उचलावे लागते, तो दोन-तीन कामांना येतील अशाच वस्तू बाळगतो. आमच्या घरची लोखंडी ट्रंक गरम कपडे सांभाळते, पाहुणा आला की बैठक होते आणि मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत मेजही होते. आमची मोटार याच कुळातली. सेकंडहँड घेतलेली, पाच माणसांची, दिसावयास अगदी सामान्य. सकाळी ती मुलीला शाळेत पोहोचविते, मग आम्हांस कचेरीत नेते आणि महिन्यातून एकदा आईला डॉक्टरांकडे घेऊन जाते. महाराष्ट्रातून कोणी आले की बृहदीश्वराच्या देवळातला १८०३ सालचा, सर्फोजी राजांनी कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख दाखवावयास तीच निघते. तंजावरी बदलून आलेल्या प्रत्येक मराठी माणसावर हे एक बिनपगारी काम असतेच, हे वाचक जाणतात.

अशा या सोशिक गाडीला आम्ही एके दिवशी शर्यतीच्या मार्गावर नेले. कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याने आम्हांस ते वेड लावले. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम येथे करी मोटर स्पीडवे म्हणून सुमारे दोन किलोमीटरांचा एक वळणावळणाचा बंदिस्त मार्ग आहे. मारुतीचे इंजिन घालून एकआसनी शर्यतीच्या मोटारी बांधणारे करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाने हा मार्ग २००३ साली सुरू झाला. तमिळनाडूला हा नाद नवा नाही. मद्रासजवळ शोळवरम येथे महायुद्धाच्या काळातली जी धावपट्टी होती, तिच्यावर कित्येक वर्षे मोटारींच्या शर्यती होत. पुढे १९९० साली इरुंगाट्टुकोट्टै येथे खास शर्यतींसाठी मार्ग बांधला गेला. आपल्या देशातला पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन हा कोइमतूरचाच.

परंतु आम्ही गेलो ते शर्यतीला नव्हे. ज्याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात त्या दिवशी शुल्क भरून, हेल्मेट घालून, आपली रोजचीच गाडी कोणीही त्या मार्गावर चालवू शकतो. तेथे पहिला नंबर नसतो, बक्षीस नसते. समोरून कोणी येत नाही, सगळ्यांची दिशा एकच. वळणावळणावर झेंडे घेतलेली माणसे उभी असतात, आणि आत शिरण्यापूर्वी प्रत्येक जण आपल्या जोखमीच्या कागदावर सही करतो. या गोष्टीला उडाणटप्पूपणा म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हीही एके काळी म्हटले असते. आता म्हणवत नाही. निरुपयोगी आनंद म्हणजे वाईट आनंद नव्हे. तसे म्हटले तर गाणे आणि बुद्धिबळ यांनाही हद्दपार करावे लागेल. वेगाची ओढ माणसाच्या ठायी आहेच. तिला कुंपणाच्या आत एक जागा नेमून दिली, तर तीच ओढ हमरस्त्यावर दुसऱ्याच्या जिवावर उठत नाही. ट्रॅकचे कुंपण ही आम्हांस एका अर्थी नीतीचीच खूण वाटते.

आत जाण्यापूर्वी गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू काढून ठेवावी लागते. आमच्या मुलीने काचेपाशी ठेवलेली तंजावरची बाहुली तेथल्या माणसाने हळूच उचलून आमच्या हाती दिली. वाचकांनी ती पाहिली असेलच. बुडाशी जड आणि गोल असल्यामुळे कितीही कलवली तरी ती पुन्हा उभी राहते. त्या दिवशी पहिल्याच वळणावर आम्हांस तिची आठवण झाली, कारण आमची गाडी त्या बाहुलीसारखी मुळीच नव्हती. ती बाहेरच्या अंगाला झुकली आणि टायर ओरडू लागले. पाचव्या-सहाव्या फेरीला तर ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ लागले. कारण साधे आहे. वेग दुप्पट झाला की गतीची शक्ती चौपट होते, आणि ती सगळी उष्णतेच्या रूपाने ब्रेकला पचवावी लागते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. जुने झालेले तेल नव्या तेलापेक्षा कितीतरी कमी तापमानाला उकळते, आणि त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पाय दाबतो पण चाक ऐकत नाही. आम्ही मुकाट्याने गाडी बाहेर काढली.

येथून फेरफारांची कथा सुरू होते. गॅरेजातल्या मेकॅनिकने आमच्यापुढे एक यादीच म्हणून दाखविली. नवे ब्रेक ऑइल आणि शर्यतीचे ब्रेक पॅड हवेत, स्प्रिंगा आखूड करून गाडी खाली बसवावी, टायर कमी नक्षीचे आणि मऊ रबराचे असावेत. मागचे आसन आणि स्टेपनी काढली म्हणजे वजन उतरेल, आणि छताखाली पोलादी नळ्यांचा पिंजरा बसविला म्हणजे काम पुरे. प्रत्येक सूचनेच्या शेवटी तो “सार, अजून मजा येईल” असे म्हणे, आणि त्याचे म्हणणे खोटेही नव्हते.

अॅरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात डेल्फीच्या सुरीचा उल्लेख केला आहे. अनेक कामांना चालेल अशी ती सुरी असे. निसर्ग असा कंजूषपणा करीत नाही, एका कामाला एकच साधन देतो, आणि एकच काम असलेले साधन सर्वांत चांगले घडते, असा त्याचा विचार आहे. आमच्या मेकॅनिकचे तत्त्वज्ञानही हेच होते. अडचण एवढीच की निसर्गाचा खजिना आमच्यापाशी नाही. दोन मोटारी ठेवणे कारकुनाच्या पगारात बसत नाही. आम्हांस डेल्फीच्या सुरीवरच भागविणे प्राप्त होते.

मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर सरकारी घोड्यावर बसे आणि शिलेदार स्वतःच्या. बारगिराचा घोडा पडला तर सरकार दुसरा देई. शिलेदाराचा पडला तर त्याची उपजीविकाच पडे, म्हणून तो घोडा जपून घाली. ट्रॅकवर आपली रोजची मोटार घेऊन जाणारा माणूस हा शिलेदार आहे. विम्याच्या साधारण करारात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, म्हणजे नुकसान झाले तर ते त्याचेच. ही उपमा सुचली तेव्हा आम्ही स्वतःवर खूश झालो होतो. आपला घोडा, आपली जोखीम, मग कोणाला काय विचारायचे? या खुशीत आम्ही पुढच्या खेपेला ब्रेक ऑइल बदलले आणि शर्यतीचे पॅडही बसविले. ट्रॅकवर गाडी अशी थांबू लागली की आम्हांस आपल्याच पायाचे कौतुक वाटले. रविवारी रात्री उशिरा तंजावरला परतलो. पॅड बदलण्याचे काम राहिले. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचेच आहे, मग आताच कशाला, असा विचारही मनात होता.

सोमवारी सकाळी झिमझिम पाऊस होता. मागच्या आसनावर मुलगी आणि आई होत्या. शाळेच्या रस्त्यावर फुलांची टोपली घेतलेली एक बाई समोरून ओलांडू लागली. आम्ही ब्रेक दाबला. शर्यतीचे पॅड तापल्यावर उत्तम धरतात, थंड असताना मात्र ते रोजच्या पॅडांहून निसटते असतात. घरून निघून आम्हांस पाच मिनिटेही झाली नव्हती. गाडी थांबली, पण रोज थांबते त्याहून हातभर पुढे. टोपलीला धक्का लागला आणि फुले ओल्या रस्त्यावर सांडली. बाईला काही लागले नाही. तिने आम्हांस शिव्याही दिल्या नाहीत. गाडीतल्या मुलीकडे एकदा पाहून ती फुले वेचू लागली. आम्ही उतरून वेचू लागलो. पैसे पुढे केले तेव्हा खराब झालेल्या फुलांपुरतेच तिने घेतले.

गाडीत बसल्यावर आईने विचारले, “अरे, गाडीला काय झालं?”

“काही नाही गं, ब्रेक थंड होते,” असे आम्ही म्हणालो.

हे उत्तर अक्षरशः खरे होते, आणि तरीही त्या दिवशी कचेरीत ते आम्हांस दिवसभर टोचत राहिले. ब्रेक थंड होते, परंतु थंड असताना न धरणारे ब्रेक त्या गाडीत आम्ही घातले होते, आणि मागे बसलेल्या दोघींना ते ठाऊक नव्हते. शिलेदाराच्या उपमेतले वैगुण्य तेव्हा ध्यानात आले. शिलेदाराच्या घोड्यावर तो एकटा बसे. आमच्या घोड्यावर चौघे बसतात. ट्रॅकवर आम्ही सही केली होती, आमच्या पुढे-मागे धावणाऱ्या प्रत्येकाने केली होती. आईने कोणत्या कागदावर सही केली होती? आणि त्या फुलवालीला तर विचारण्याचीही सोय नव्हती.

आम्हांस वाटते की या प्रश्नाचे मर्म येथे आहे. जोखीम पत्करणे यात पाप नाही. मात्र ज्याने ती पत्करली त्याच्यापाशीच ती थांबली पाहिजे. कुंपणाच्या आतली संमती कुंपणाच्या दारापाशी संपते. जो फेरफार त्या दारातून बाहेर येऊन संमती न दिलेल्यांच्या वाट्याला जातो, तो गाडीच्या नोंदणीपुस्तकावर नाव आमचे असले तरी आमच्या अधिकारातला नव्हे. नोंदणीपुस्तक फक्त मालक सांगते. गाडी कोणाकोणाच्या विश्वासावर चालते ते त्यात लिहिलेले नसते. कायद्यालाही हे थोडेफार दिसले असावे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमाप्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार मालकाने करावयाचा नसतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत हेच बजाविले. परंतु ब्रेकचे पॅड नोंदणीपुस्तकात नसतात. कायदा जेथे गप्प बसतो तेथेच आमच्यासारख्याचा विवेक कामाला लागावयास हवा.

ही कसोटी लावून आम्ही मेकॅनिकची यादी पुन्हा वाचली. ताजे, उंच तापमानाला उकळणारे ब्रेक ऑइल रविवारी उपयोगाचे आणि सोमवारीही. ते राहू द्यावे. चांगले टायर राहू द्यावे, पण कमी नक्षीचे नकोत, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर कावेरीच्या या मुलखात पाऊस पडतो आणि पाणी कापावयास नक्षीच लागते. गाडी खाली बसविली तर ती बाहुलीसारखी स्थिर होईल हे खरे, परंतु पहिल्याच गतिरोधकावर बुड घासेल आणि आईच्या पाठीला ते कळेल. पिंजरा तर ट्रॅकवर रक्षण करणारा, पण रस्त्यावर हेल्मेटाविना बसलेल्या डोक्याशेजारी ती पोलादी नळी घातकच. मागचे आसन काढण्याविषयी लिहावयासही नको. शर्यतीचे पॅड आम्ही ठेवले आहेत, ते ट्रंकेत. ट्रॅकवर पोहोचल्यावर बसवितो, आणि परतीच्या रस्त्याला लागण्यापूर्वी उतरवितो. त्यात दीड तास जातो आणि हात काळे होतात. आनंदाचे हे शुल्क आम्हांस रास्त वाटते.

आमचा तरुण सहकारी यावर एक आक्षेप घेतो, आणि तो खोडणे आम्हांस जमलेले नाही. तो म्हणतो, “पॅड उतरविता, पण झिजलेला टायर आणि तापून दमलेले इंजिन तर घरी येतेच की! आणि टायरचा खर्च घरखर्चातूनच जातो ना?” त्याचे बरोबर आहे. रविवार पूर्णपणे कुंपणाच्या आत ठेवता येत नाही. आम्ही एवढेच करतो की परतल्यावर चाके, टायर आणि ब्रेक तपासल्याशिवाय कोणाला गाडीत बसवीत नाही. फेरफार काय केला, खर्च किती झाला, हेही आता घरात आधी सांगतो. दोनदा ‘या महिन्यात नको’ असे उत्तर मिळाले, आणि आम्ही गेलो नाही.

बृहदीश्वराचा रथ सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर २०१५ साली पुन्हा निघाला. आता तो वर्षातून एकदा तंजावरच्या चार राजवीथ्यांतून फिरतो. एका दिवसासाठी एक वाहन असण्याचे वैभव देवालाच शोभते. तरीही त्या गर्दीत आमचे लक्ष गेले ते दोर ओढणाऱ्या शेकडोंकडे नव्हे, तर चाकांपाशी लाकडी ठोकळे घेऊन वाकलेल्या मोजक्या माणसांकडे. रथ कोठे वळावा आणि कोठे थांबावा हे त्यांच्या हाती असते. ते वर पाहत नाहीत, त्यांची नजर चाक आणि माणसांचे पाय यांवर असते.

त्या सोमवारनंतर मुलीने ती बाहुली पुन्हा काचेपाशी ठेवली आहे. ट्रॅकवर पोहोचलो की आम्ही ती स्वतःच उतरवितो आणि पॅडांच्या डब्यात ठेवतो. परतताना पॅड त्या डब्यात जातात आणि बाहुली बाहेर येते. बाहुली जागेवर नसेल तर गाडी रस्त्यावर काढायची नाही, असा आमच्या घरचा नियम झाला आहे. तो मुलीने केला, आणि आम्ही तो पाळतो.