स्वावलंबी गृहस्थ आणि त्याचे ऋण

माळव्यातील एका मराठी सद्गृहस्थांनी पत्राने एक शंका विचारली आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते शहर सोडून वडिलोपार्जित दोन बिघे जमिनीवर सपत्नीक राहावयास गेले. तेथे विहीर आहे, एक गाय आहे. गहू, हरभरा आणि तूर घरची पिकते. मेथी, लसूण, भोपळा परसातून निघतो. मीठ, कापड आणि किरकोळ गाडीभाडे एवढाच काय तो रोख खर्च. ते लिहितात, "कोणाचे कर्ज नाही, कोणापुढे हात पसरणे नाही, अन्नाचा कण वाया जात नाही. आता मी कोणाचे काही देणे लागतो काय? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःकरिता शिजविणाऱ्याला पापभक्षी म्हटले आहे. हा शब्द माझ्यासारख्या निरुपद्रवी मनुष्याला कसा लागू पडावा?"

शंका प्रामाणिक आहे, आणि ती एकट्या त्यांची नाही. शहरातील धकाधकीला विटून लहानशा जमिनीच्या तुकड्यावर काटकसरीने व आपल्या हातांनी जगावे, असे वाटणारी कुटुंबे आज प्रत्येक प्रांतात आढळतात. त्यांचा मार्ग स्तुत्य आहे. परंतु स्तुत्य मार्गावर चालणाऱ्यालाच अहंकाराचा काटा नकळत बोचतो, म्हणून या शंकेचा थोडा खोलात जाऊन विचार केला पाहिजे.

प्रथम पूर्वपक्षाचे बळ मान्य करू. मनूने चौथ्या अध्यायात, जे जे परक्याच्या अधीन ते दुःख व जे जे आपल्या अधीन ते सुख, असे सुखदुःखाचे लक्षणच सांगून टाकले आहे. महाभारताच्या वनपर्वात यक्षाने धर्मराजाला सुखी कोण असे विचारले, तेव्हा धर्मराजाने राजाचे नाव घेतले नाही, श्रेष्ठीचेही घेतले नाही. उशिरा का होईना, पण आपल्या घरी भाजीपाला शिजवून खाणारा, ज्याला ऋण नाही व ज्याला परगावी राहावे लागत नाही, तो सुखी, असे त्याने उत्तर दिले. बारा वर्षे वनात काढलेल्या व बंधूंची प्रेते समोर पडलेली असताना बोलणाऱ्या पुरुषाच्या तोंडचे हे उत्तर आहे. आमच्या पत्रलेखकांचे जीवन त्या वर्णनाशी तंतोतंत जुळते, आणि त्यांनी त्याचा आनंद मानला तर त्यात गैर काहीच नाही.

मनूने गृहस्थांची धान्यसंग्रहावरून केलेली प्रतवारीही येथे आठवते. कणगीभर धान्य बाळगणारा, मडकेभर बाळगणारा, तीन दिवसांपुरते असणारा आणि उद्याचेही नसणारा असे ते चार प्रकार होत; यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ. कणगी म्हणजे किती व मडके म्हणजे किती, याविषयी टीकाकारांत एकमत नाही. कोणी कणगीत तीन वर्षांचा साठा पाहतो तर कोणी बारा दिवसांचा. (टीकाकारांच्या घरची कणगी केवढी होती यावर हा अर्थ अवलंबून असावा, असा चावट विचार पाठशाळेत असताना आमच्या मनात येई.) ते असो. एकाच पावसाळ्यावर वर्ष काढणाऱ्या आपल्या देशातील शेतकऱ्याने वर्षाचे धान्य कडुनिंबाचा पाला घालून भरून ठेवले तर त्याला कोणी परिग्रही म्हणणार नाही. साठा किती हा गौण प्रश्न आहे. तो कोणासाठी आहे, हा खरा.

आता धर्मराजाच्या उत्तरातील 'अनृणी' हा शब्द घेऊ. भाषांतर करणाराला असे शब्द फार जपून हाताळावे लागतात. मराठीत 'कर्ज नसलेला' असे म्हटले की सावकाराची वही डोळ्यांपुढे येते, व त्या वहीत आपले नाव नाही एवढ्याने समाधान होते. परंतु वैदिक परंपरेत ऋण हे काढावे लागत नाही. ते घेऊनच मनुष्य जन्माला येतो. तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव व पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचे चौथे ऋण घातले, आणि ते अतिथीला आसरा व अन्न देऊन फिटते असे म्हटले. ज्याने अध्ययन केले, यजन केले, संतती वाढविली, तोच त्या संहितेच्या दृष्टीने 'अनृण'. म्हणजे ज्याने काही घेतलेच नाही असा अनृण त्या परंपरेला ठाऊक नाही. घेतलेले ज्याने फेडले, तो अनृण. धर्मराजाच्या शब्दाचा पहिला अर्थ कर्ज नसलेला असाच आहे, यात वाद नाही; परंतु आमच्या पत्रलेखकांनी त्या पहिल्या अर्थावर थांबून दुसऱ्या अर्थाचे समाधान मिळविले, आणि तेथेच गफलत झाली आहे.

त्यांच्याच दोन बिघ्यांत हिंडून पाहावे. तेथे पेरला जाणारा गहू त्यांनी निर्माण केलेला नाही. रानगवतातून दाणेदार कणीस निवडीत, चांगले बी राखून ठेवीत शेतकऱ्यांच्या शेकडो पिढ्या गेल्या, तेव्हा त्यांच्या मुठीत आजचे बियाणे आले. हे ऋषिऋण नव्हे तर काय? वेदमंत्र ज्यांनी जपून ठेवले ते जसे ऋषी, तसेच भाताचा वाण ज्यांनी जपून ठेवला तेही, असे मला वाटते. माळव्याची काळी माती खडक झिजून झिजून बनली आहे. तिचा बोटभर थर व्हावयास माणसाचे एक आयुष्य पुरत नाही. विहिरीचे पाणी पावसाचे, आणि पाऊस समुद्रावरून येतो. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अन्न, पर्जन्य, यज्ञ व कर्म यांचे जे चक्र सांगितले आहे ते शहरात राहणाऱ्याला कदाचित रूपक वाटेल. शेतात राहणाऱ्याला तरी तसे वाटू नये.

आणि मीठ! पत्रलेखकांनी मिठाचा उल्लेख जाता जाता केला आहे. पण आपल्या देशातील बहुतेक मीठ गुजरातेत पिकते. कच्छच्या छोट्या रणात अगरिया लोक पावसाळा संपल्यावर कुटुंबासह जाऊन राहतात व जमिनीखालचे खारे पाणी उपसून, आगरात उन्हाने आटवून मीठ काढतात. झाडाची सावली नाही, गोडे पाणी बाहेरून आणावयाचे, दिवसभर पाय खाऱ्या चिखलात. त्यांच्याखेरीज माळव्यातील वरणाला चव नाही. बाजारात दिलेल्या पैशांनी व्यवहार पुरा झाला, ऋण पुरे झाले असे म्हणवत नाही. तीच गोष्ट कुदळीच्या लोखंडाची. ज्याला आपण स्वावलंबन म्हणतो ते बहुधा अवलंबनाची गणती थोडी कमी करणे एवढेच असते. त्यात मोल नाही असे नव्हे, पण त्यावर 'मी कोणाचा लागत नाही' हा महाल उभा राहत नाही.

यापुढची गोष्ट अधिक नाजूक आहे. मनूने गृहस्थाच्या घरात हिंसेची पाच स्थाने सांगितली आहेत, आणि ती कोणती? चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. ही नावे वाचली की दिसते, ती सारी ज्या घरात अन्न प्रत्यक्ष सिद्ध होते त्या घराची आहेत. विकतचे पीठ आणणाऱ्या शहरवासीयापेक्षा स्वतः कांडणाऱ्या, दळणाऱ्या, नांगरणाऱ्या गृहस्थाच्या हातून ही हिंसा अधिक घडते. याचा अर्थ शहरवासी निष्पाप, असा नव्हे. त्याने ती हिंसा गिरणीवाल्याच्या व शेतकऱ्याच्या अंगणात ढकलली आहे इतकेच. जमिनीवर राहणाऱ्याला एवढा लाभ आहे की त्याला ती दिसते. नांगराच्या फाळाखाली गांडूळ तुटते, उंदीर धान्यात सापडतो, वाळवीचे वारूळ खणावे लागते. 'निरुपद्रवी' हा शब्द अशा जीवनाला शोभत नाही. म्हणूनच मनूने या पाच दोषांच्या निवृत्तीसाठी पाच महायज्ञ नित्यकर्म म्हणून लावून दिले आहेत. गीतेतील यज्ञशेषाची कल्पना याच मातीतून उगवलेली आहे. पापभक्षी हा शब्द शिवी म्हणून आलेला नाही, हिशेब म्हणून आलेला आहे.

काटकसर आणि कृपणता यांचे ताट बाहेरून सारखेच दिसते. दोघांच्याही पानात भाकरी आणि पालेभाजी. गीतेने दुसऱ्या अध्यायात कृपण म्हटले आहे ते फळावर डोळा ठेवून कर्म करणाराला, आणि याज्ञवल्क्याने बृहदारण्यकात गार्गीला सांगितले की अक्षर न जाणता जो या लोकातून जातो तो कृपण. दोन्ही ठिकाणी पैशाचा संबंध नाही. मुठीत कवडी नसलेला मनुष्यही कृपण असू शकतो. 'माझे पीक, माझी विहीर, माझे निष्कलंक जीवन' असा जप चालला असेल तर तो जप करणारा मनुष्य दोन बिघ्यांत राहो की राजवाड्यात, गीतेच्या भाषेत कृपणच होय.

येथे एका अन्यायाकडे दुर्लक्ष करता येत नाही. सन २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे आपल्या देशात शंभरांतील शहाऐंशी शेतजमिनी दोन हेक्टरांहून लहान आहेत. त्यांतील बहुतेकांना लहान तुकड्यावर काटकसरीने राहणे हे व्रत म्हणून मिळालेले नाही. ते त्यांच्या वाट्याला आले आहे. निवृत्तिवेतनाच्या आधाराने साधेपणा स्वीकारणारा गृहस्थ आणि पाऊस चुकला तर सावकाराच्या दारी जाणारा त्याचा शेजारी, या दोघांच्या साधेपणाला एकच नाव देणे योग्य नव्हे. पहिल्याने सोडले, दुसऱ्याला मिळालेच नाही. सोडणाऱ्याने न मिळालेल्याला अपरिग्रहाचा उपदेश करू नये. विहिरीच्या पाण्याची एक पाळी द्यावी, बियाणे द्यावे.

दुसरा प्रश्न घरातल्या घरातला आहे. पत्रात सपत्नीक हा शब्द आहे, परंतु पत्नीचे मत कोठेही नाही. पहाटेचे दळण, ओल्या सरपणाच्या धुराने भरलेली चूल, विहिरीवरून खांद्यावर येणारे पाणी, हे स्वावलंबनाचे ओझे बहुधा कोणाच्या खांद्यावर पडते? सतराव्या अध्यायात दुसऱ्याला पीडा देण्याकरिता केलेल्या तपाला तामस म्हटले आहे. गृहस्थाचा हेतू तसा नसतो हे खरे. पण पतीच्या व्रताने पत्नीची पाठ मोडत असेल, तर हेतूच्या शुद्धतेने ती पाठ सरळ होत नाही. आश्वमेधिक पर्वातील मुंगुसाची कथा वाचकांना माहीत असेलच. कुरुक्षेत्रात वेचलेल्या दाण्यांवर जगणारा ब्राह्मण, दुष्काळ, मोजक्या सातूचे चार वाटे आणि दारात भुकेला अतिथी. कथेकऱ्यांचे लक्ष सोन्याच्या मुंगुसाकडे असते. मला त्या कथेत अधिक मोलाचे वाटते ते ब्राह्मणाचे अडखळणे. आपला वाटा त्याने तत्काळ दिला. पण पत्नीचा, पुत्राचा आणि भुकेने सुकलेल्या सुनेचा वाटा घ्यावयास त्याचा हात धजेना. त्यांनी आपण होऊन आग्रहाने दिला, तेव्हाच त्याने घेतला.

आपल्या काळातील एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. विनोबांनी १९५० च्या सुमारास वर्ध्याजवळ पवनारच्या परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला. पैसा नको, बैलही नकोत, माणसांच्या हातांनी शेती करावयाची, असा तो कठोर संकल्प होता. स्वावलंबनाचा इतका निखळ प्रयोग क्वचितच झाला असेल. मग १९५१ च्या मार्चमध्ये ते आश्रमातून पायी निघाले, आणि १८ एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन हरिजनांनी ऐंशी एकरांची मागणी केली, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले. त्यानंतर विनोबा वर्षानुवर्षे इतरांसाठी जमीन मागत हिंडले. भूदानाच्या यशापयशाविषयी मतभेद आहेत, त्यात येथे शिरत नाही. मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळ नापीक होती आणि पुष्कळ वाटली गेलीच नाही, हेही खरे आहे. परंतु ज्याने आपल्या आश्रमापुरते कोणावाचून अडणार नाही असे करावयास घेतले होते, तोच दुसऱ्याकरिता हात पसरावयास बाहेर पडला. हात पसरण्याची लाज त्याला उरली नव्हती.

पत्रलेखकांनी शेवटी विचारले आहे की आजच्या घरात वैश्वदेव कसा करावा. अग्नी नाही, बली कोठे ठेवावा हे ठाऊक नाही. विधी जाणणाऱ्याकडून समजून घ्यावा. तो न जमल्यास गाईचा, कुत्र्याचा व पक्ष्यांचा घास जेवणापूर्वी काढावा आणि एका मनुष्याला पुरेल इतके अन्न रोज मोजापेक्षा अधिक शिजवावे. काटकसरीच्या घरात हे अधिकचे माप डोळ्यांत खुपेल, खुपू द्यावे. कोणी आला नाही तर रात्री तेच आपण खावे, वाया काही जाणार नाही. आणि वैश्वदेव उरकल्यावर, भांडी पालथी पडल्यावर कोणी दारात आला तर काय करावे, याचाही निर्णय मनूने देऊन ठेवला आहे. बली पुन्हा घालावयाचा नाही; शक्तीप्रमाणे अन्न मात्र त्यालाही द्यावयाचे.