कुणी अडवलं नव्हतं

संक्रांतीनंतरच्या शनिवारी आमच्या कामोठ्यातल्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. लिफ्टशेजारच्या फलकावर चार दिवस आधीच सूचना लागली होती : ‘सर्व सुवासिनींनी अगत्य येण्याचे करावे.’ पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या होत्या. सातारा, सांगली, रत्नागिरी, जळगाव अशा कुठकुठून येऊन सिडकोच्या या वसाहतीत स्थिरावलेल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून खाली उतरल्या. अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, वाण म्हणून स्टीलचा डबा. माझी आई मात्र वरच होती. तिळाचे लाडू तिनंच वळले होते, चांगले दोन किलोंचे. ते तिनं खाली पाठवले आणि टीव्ही लावून बसली.

वडिलांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

तिला कुणी अडवलं नव्हतं. कार्यक्रम ठरवणाऱ्या बायकांना विचारलं असतं तर त्या अगदी मनापासून म्हणाल्या असत्या, ‘अहो, काकूंना आम्ही कधी नको म्हटलं?’ खरंच होतं ते. दारावर कुणी उभं नव्हतं, कारण उभं राहायची गरजच नव्हती. जिला बाहेर ठेवायचं तीच आपणहून कडी लावून घेते, तिथं राखणदार कशाला लागतो?

मी या जागेवरून फुले-आगरकरांविषयी बरंच लिहिलं आहे. त्या संध्याकाळी ते सगळं अंगात आलं. ‘आई, चल खाली’ म्हणून मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला. ‘उगाच तमाशा नको करूस माझा,’ एवढंच बोलली, आणि पुढचे दोन दिवस बोललीच नाही. मला वाटलं होतं, मी रूढीशी भांडतोय. तिला वाटलं, पोरगा चारचौघांत मला उदाहरण करायला निघालाय. आता मागे वळून पाहताना मला तिचंच पटतं.

कामोठ्याच्या मानसरोवर स्टेशनातून लोकल पकडली की खांदेश्वर आणि मग पनवेल. त्या पनवेलीत 1885 साली केशव सीताराम ठाकरे जन्मले, पुढे ‘प्रबोधनकार’ म्हणून गाजले. त्यांचं ‘देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे’ आजही वाचताना चटके देतं. पण मला त्यांच्या आत्मचरित्रातली त्यांची आजीच जास्त आठवते. शाळेतून येताना अस्पृश्य मानलेल्या एका माणसाची सावली केशववर पडली, तेव्हा बरोबरच्या ब्राह्मण मुलांनी ‘हा विटाळला’ म्हणून गिल्ला केला. आजीनं काय करावं? एका ब्राह्मण पोराला ओढून त्याची सावली नातवावर पाडली. त्या सावलीनं विटाळ झाला असेल, तर या सावलीनं हा ब्राह्मण झाला! आजी देवधर्म मानणारी बाई, कुठल्या सभेची सभासद नव्हे. प्रबोधनकारांचे मोठमोठे प्रश्न नंतर आले. पहिला त्यांच्या घराच्या उंबऱ्यातच विचारला गेला होता.

‘आपल्याच धर्माला का विचारता? त्यांना विचारून दाखवा,’ असं हल्ली कुणीही ऐकवतं. खरं सांगायचं तर त्यांना विचारणं फार सोपं आहे. त्यात माझं काहीच जात नाही. उलट शेजारी चहा पाजतात. आगरकरांनी स्वतःच्याच समाजाला विचारलं, तेव्हा पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा निघाली. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरूडकरांनी, म्हणजे त्यांच्याच गावानं, त्यांना वाळीत टाकलं. ज्या प्रश्नापायी घरचं जेवणसुद्धा कडू होत नाही, तो प्रश्न आपल्या धर्माला विचारलाय की नुसता हवेत सोडलाय, याची मला शंका येते.

विधवेच्या बाबतीत तर मोठ्या ग्रंथांहून हातांनी जास्त काम केलं आहे. 1890 मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. वस्तरा धरणारा हातच थांबला, तर शास्त्र काय करणार? आणि 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. दोन दिवसांनी शाहू महाराजांच्या निधनाला 100 वर्षं पुरी होत होती. त्याच महिन्याच्या 17 तारखेला सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. गावानं ठराव करायचा आणि मुंबईनं तो वाचायचा, असा उलटा क्रम आपल्याकडे क्वचितच घडतो. नव्या मुंबईच्या टोकाला चौदा मजली इमारतीत राहणारे आम्ही मात्र अजून फलकावर ‘सुवासिनी’ लिहीत होतो.

तरी आईचा मुद्दा मनातून जात नव्हता. तिची श्रद्धा असेल तर ती मोडणारा मी कोण? काही महिन्यांनी पनवेलच्या भाजीबाजारातून परत येताना रिक्षात मी सहज विचारलं, ‘विठ्ठलाला चालणार नाही का गं, तू हळदीकुंकवाला गेलीस तर?’ आई माळकरी आहे, वारी केलेली आहे. तिनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. ‘विठ्ठलाचं काय त्यात? बायका काय म्हणतील!’

ज्याला मी श्रद्धा समजून हळूच बाजूनं जात होतो, त्यात देव नव्हताच. होत्या त्या शेजारणींच्या नजरा. मग तीच पुढं सांगत राहिली. वारीत सगळ्यांना बुक्का लावतात. नवरा आहे की गेला, कुणी विचारत नाही. समोरची बाई वाकून पाया पडते, आपणही तिच्या पडायचं, दोघी माउली. तिथं तिला कपाळाची लाज वाटत नाही, आणि पार्किंगमध्ये मात्र वाटते. विटाळ-सुवासिनी मानणारी आणि तो बुक्का लावणारी, दोन्ही परंपरा आमच्याच. एकीचं तोंड दुसरीनं बंद करता येतं. त्यासाठी मला इंग्रजी पुस्तक उघडावं लागलं नाही, आईनंच रिक्षात सांगितलं. मी कान द्यायला तीन वर्षं घेतली, एवढंच.

गेल्या वर्षी मी कमिटीला म्हटलं, सूचनेत ‘सुवासिनी’ऐवजी ‘सर्व महिला’ लिहा. एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली : ‘मग ते हळदीकुंकू कसलं? महिला मेळावा म्हणा की!’ त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. कुंकवाचा मान हाच त्या कार्यक्रमाचा कणा आहे, तो काढला तर काय उरतं? बायका म्हणाल्या, तिळगूळ उरतो, गप्पा उरतात, वर्षातून एकदा बी विंगमधल्या बाईचं नाव कळतं, ते उरतं. शब्द बदलला.

आई पंधरा मिनिटं खाली जाऊन आली. कुंकू लावून घेतलं नाही, वाण घेतलं. आमच्याच विंगमधल्या दुसऱ्या दोघी मात्र आल्या नाहीत, आणि त्यांना बोलवायला कुणी वर गेलंही नाही. मीसुद्धा नाही.

पुढच्या संक्रांतीला तुमच्याही सोसायटीच्या फलकावर सूचना लागेल. ती कुणाला उद्देशून लिहिली आहे, तेवढं वाचा. आणि जी दारं त्या संध्याकाळी आतून बंद असतील, त्यातल्या एकाची तरी बेल वाजवा.