कोवळें वय आणि कापलेलें सत्य

मुलांस सत्य केव्हां सांगावें, हा प्रश्न आपल्याकडे "मोठा झालास म्हणजे कळेल" एवढ्यावर निकालांत निघतो. मोठें होणें म्हणजे नेमकें किती, हें मात्र कोणी सांगत नाहीं. टोराँटोच्या लिंडा स्कायलर यांची कारकीर्द पाहतां या प्रश्नाची धार आम्हांस पुन्हां जाणवली.

बाई मूळच्या शिक्षिका. १९७६ सालीं किट हूड यांच्यासह त्यांनीं चित्रपटसंस्था काढली आणि १९८७ सालीं 'डिग्रासी ज्युनियर हाय' ही नाट्यमालिका कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर आणली. शाळकरी पात्रें त्याच वयाच्या मुलांनीं वठविलीं; पंचविशींतला नट शाळकरी म्हणून उभा करण्याचा (सर्वत्र चालणारा) प्रघात त्यांनीं पाळला नाहीं. तींत आठव्या इयत्तेंतील स्पाइकला दिवस जातात. गोष्ट तेथें मिटत नाहीं. स्पाइकची मुलगी एमा हीच २००१ सालीं सुरू झालेल्या पुढील मालिकेची नायिका झाली. कथेला इतकी स्मृति असणें हेंच आमच्या मतें नीतिशिक्षण. उपदेशाची गरज उरत नाहीं.

१९८९ सालीं एरिका या मुलीच्या गर्भपाताची कथा आली. गर्भपातावरील निर्बंधांचा कायदा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें आदल्याच वर्षीं रद्द केला होता. एरिकेची जुळी बहीण हीथर हिला तें कृत्य पाप वाटतें. तरी ती सोबत जाते. शेवटीं दोघी चिकित्सालयाच्या दारीं निदर्शकांच्या गर्दींतून वाट काढतात. अमेरिकेंतील पी. बी. एस.नें हा शेवट गाळला.

आपल्या घरांत परक्यानें मुलीशीं असल्या गोष्टी बोलाव्या काय, हा आईबापांचा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. प्रौढ लेखक मुलाच्या तोंडून बोलतो तेव्हां त्याच्या हातीं मोठी सत्ता येते. परंतु आक्षेप खरा मानला तर सबंध भागच नाकारावयास हवा होता. येथें निर्णय ठेवला आणि त्याची झळ तेवढी कापली. विरोधकांचे शब्द गेले, तसें त्यांना तोंड देणाऱ्या मुलीचें धैर्यहि गेलें. मनांत विरोध असूनही बहिणीचा हात न सोडणारी हीथर त्या गर्दींतून कशी गेली, हें तेथील मुलींना कसें कळावें?