आम्ही की आपण?

बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात बाहेरगावचे पेशंट येतात आणि त्यांची माणसं आसपास खोली घेऊन राहतात. असे भाडेकरू असलेल्या एका सोसायटीत पाण्याची सूचना लावायची होती. सचिव मसुदा घेऊन आपल्या शाळेतल्या मराठीच्या बाईंकडे गेले.

सचिव : ‘आम्ही ठरवले आहे की पाणी सकाळी एकच तास सुटेल’, असं लिहिलंय. पण ‘आम्ही’ खटकतं, बाई. ‘आपण सर्वांनी ठरवले’ करू?

बाई : भाडेकरू होते का बैठकीला?

सचिव : नव्हते. पण ‘आपण’ म्हटलं की ते परके राहत नाहीत.

बाई : ठरवलंत तुम्ही आणि होकार त्यांचाही धरलात. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर राहतो, पण त्याला भांडता तरी येतं. लॅटिनमध्ये ‘आम्ही’-‘आपण’ हा भेदच नाही. ‘नोस’मध्ये दोन्ही आलं, रोमन लेखक सिसेरो तर स्वतःपुरतंही ‘नोस’ लिहायचा. मलयमध्ये मात्र ‘कामी’ म्हणजे आम्ही, ‘किता’ म्हणजे आपण. लांब कशाला, सोलापुरातल्या पद्मशाली घरांच्या तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ आहेत. द्राविडी भाषांच्या शेजारामुळेच मराठीत हा भेद आला, असं अनेक अभ्यासक मानतात.

सचिव : भेदानं माणसं तुटतात. हिंदीत ‘हम’वर भागतं.

बाई : भागत नाही, झाकलं जातं. आणि आपला ‘आपण’ सरळ आहे का? मूळ ‘आत्मन्’. ‘आपण नाही बुवा येणार’ म्हणजे मी. ‘आपण बसावं’ म्हणजे तुम्ही. ‘आपण जाऊ’ म्हणजे सगळे. आता सांग, ‘आपण पाणी जपून वापरावे’ यात जपायचं कुणी?

(मला हाच मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘आपण काटकसर करू’ असं बहुधा टाकीची किल्ली ज्याच्याकडे असते, तोच म्हणतो.)

सचिव : मग ‘आम्ही’च ठेवतो. राज्यघटनेची उद्देशिकाही मराठीत ‘आम्ही’नंच सुरू होते.

बाई : इंडोनेशियाची १७ ऑगस्ट १९४५ची स्वातंत्र्यघोषणाही ‘कामी’नं सुरू होते. ती जगाला ऐकवायची होती. उद्देशिका शाळेत मुलं मोठ्यानं म्हणतात. जो म्हणतो तो ‘आम्ही’त येतो. तुझी सूचना भाडेकरू नुसती वाचणार.

सचिव : १९४९ साली उद्देशिका स्वीकारताना त्या मुलांना तरी कुणी विचारलं होतं?

बाई : नाही विचारलं. तुझं खरं आहे. पण मोठी झाली की त्यांना मत आहे. भाडेकरूला आहे?

सचिव : आठ दिवसांसाठी आलेल्या माणसाला काय विचारायचं?

बाई : त्यालाच आधी विचारायचं. केमोनंतर रात्री दोन वाजता उलट्या झाल्या, तर चादर धुवायला पाणी त्यालाच लागतं.

सचिव : मग सर्वनामच काढतो. ‘पाणी जपून वापरावे.’ बस.

बाई : म्हणजे हुकूम कुणाचा, तेही कळायला नको.

सचिव : आणि विचारल्यावर ते नाही म्हणाले तर?

बाई : तर वेळ बदलावी लागेल. तेवढी तयारी नसेल, तर ‘आम्ही’च लिही आणि खाली प्रत्येकाचं नाव, घर नंबर घाल. रात्री दार कुणाचं वाजवायचं, ते त्यांना कळेल.