चालून दाखव

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत मांडो नाचतात. एका ओळीत बायका, हातात पंखे, समोर पुरुष. दोन्ही ओळी संथ लयीत एकमेकींकडे सरकतात, मागे जातात. आमच्या सातारा-सांगलीकडे असा जोडीचा नाच मी पाहिलेला नाही. माणदेशात गजी पुरुष खेळतात, नागपंचमीला फेर बायका धरतात. जोडी जमते ती पोह्यांच्या बशीवर.

गेल्या वर्षी साताऱ्याहून सांगलीला मुलगी बघायला गेलो. मावशी सहज म्हणाली, "जरा चालून दाखव गं." ती दारापर्यंत जाऊन आली. मी बशीत बघत होतो.

प्रथा मी पाडली नाही, बोलली मावशी. मग माझा दोष किती? बरेच दिवस मी स्वतःला हेच विचारून सुटत होतो. पण त्या दिवशी सगळे माझ्या पसंतीसाठी जमले होते. मी "राहू दे" म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. गप्प बसण्याची मुभा मला होती, तिला नव्हती. मांडोत निदान पावलं दोघांनाही टाकावी लागतात. मीही उठून चालायचं होतं का? हसले असते सगळे. हसू दे की!

चार दिवसांनी नकार त्यांच्याकडूनच आला. घरचे चिडले. मला बरं वाटलं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.