ममता आणि दक्षता

आईबापांना आपलें मूल विसरतां येईल काय, असें कोणी विचारलें, तर आमच्या वाचकांपैकीं बहुतेक जण तो प्रश्नच अभद्र मानतील. गेल्या वर्षापर्यंत आम्हीही तसेंच मानीत होतों. परंतु एका लहानशा प्रसंगानें आमचा हा विश्वास ढळला. त्यांतून नीतीचा एक प्रश्न उपस्थित होतो, म्हणूनच तो प्रसंग येथें सांगतों.

मे महिन्यांतील भर दुपारीं आम्ही मुलुंडास लाल बहादुर शास्त्री मार्गावरून मोटारीनें घरीं येत होतों. मागें आमची आठ महिन्यांची नात झोंपली होती. वाटेंत औषध घ्यावयाचें होतें. उचललें तर पोर जागी होईल, बाहेर ऊन रणरणत आहे, आणि काम तर दोन मिनिटांचें, असा विचार करून आम्हीं काचा दोन बोटें खालीं केल्या, गाडी बंद केली व दुकानांत गेलों. तेथें गर्दी होती. पंधरा मिनिटांनीं परत येऊन पाहतों तों कडेला शहाळीं विकणारा एक म्हातारा आपलें गोणपाट मागच्या काचेवर धरून उभा! "साहेब, पोर घामानं भिजलंय. दार उघडा," एवढेंच तो म्हणाला. नात सुखरूप होती. म्हाताऱ्याचे आम्हीं आभार मानले. पण ही हकीकत मुलीस सांगण्यास आम्हांला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आम्ही मनाशीं जे बचाव रचीत होतों, ते तपासून पाहण्याजोगे आहेत.

पहिला बचाव असा कीं, काचा किंचित् उघड्या होत्या. परंतु सूर्यप्रकाश काचेंतून आंत शिरून आसनें तापवितो, आणि त्या तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र काचेंतून सहजासहजीं बाहेर पडत नाहीं. कॅलिफोर्नियांत झालेल्या व २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, उन्हांत उभ्या मोटारीचें आंतील तापमान तासाभरांत सरासरी २२ अंश सेल्सिअसनें वाढतें, आणि त्यांतील सुमारें ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच होते. काचा थोड्या उघड्या ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं. सांताक्रूझच्या वेधशाळेनें २८ मार्च १९५६ रोजीं ४१.७ अंश तापमान नोंदविलें होतें. पण अनर्थास इतक्या उन्हाळ्याची गरज नाहीं, मुंबईचा नित्याचा उन्हाळा पुरेसा आहे.

दुसरा बचाव थोड्या वेळाचा. परंतु तीं मिनिटें आम्हीं आमच्या घड्याळानें मोजलीं. तान्ह्या मुलाचें शरीर प्रौढाच्या कितीतरी पट वेगानें तापतें. त्यास स्वतःला थंड ठेवण्याची शक्ति कमी, आणि दार उघडण्याची तर मुळींच नाहीं.

तिसरा बचाव सर्वांत मोहक: आम्हीं मूल जाणून ठेविलें, विसरलों नाहीं, विसरणारे लोक निराळे. अमेरिकेंत १९९८ सालापासून दरवर्षीं सरासरी सदतीसच्या आसपास मुलें तापलेल्या मोटारींत दगावलीं आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुलें विसरलीं गेलेलीं आहेत. विसरणाऱ्यांत सुशिक्षित व प्रेमळ आईबापही आहेत. डेव्हिड डायमंड या मानसशास्त्रज्ञाचें म्हणणें असें कीं, रोजच्या वाटेनें जातांना संवयीची स्मृति कारभार हातीं घेते, आणि आज वाटेंत मुलाला पाळणाघरांत सोडावयाचें आहे हा नवा संकल्प ती पुसून टाकते. मूल मागें निजलें असलें, म्हणजे आठवण करून देणारें कोणीच उरत नाहीं. इटलीनें तर २०१८ सालीं कायदा करून चार वर्षांखालील मुलांच्या आसनास इशारा देणारें साधन सक्तीचें केलें.

मग विसरणें हा दोष म्हणावा काय? विसरणाऱ्याचा त्या क्षणीं कांहींच संकल्प नसतो, म्हणून तो निर्दोष, असें वाटतें. परंतु ॲरिस्टॉटलनें म्हटलें आहे कीं, काळजी घेणें ज्याच्या हातीं होतें, त्याचें अज्ञान त्यास निर्दोष ठरवीत नाहीं. पतंजलीनेंही नऊ अंतरायांत प्रमादाची गणना केली आहे. आम्हांस असें वाटतें कीं, दोष विसरण्याच्या क्षणीं नसतो. "माझ्या हातून असें होणें शक्यच नाहीं" असें ज्या क्षणीं आपण ठरवितों, त्या क्षणींच तो घडून गेलेला असतो. आपल्या प्रेमाचा हा अभिमानच दक्षतेला झोंपवितो.

आमच्या मुलखांत या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. जून २०२३ मध्यें नागपुरांत तीन लहान मुलें, आणि एप्रिल २०२४ मध्यें मुंबईंत अँटॉप हिल येथें पांच व सात वर्षांचीं दोन भावंडें, उभ्या मोटारींत मृत आढळलीं. त्यांना तेथें कोणीं ठेविलें नव्हतें. मुलें खेळतां खेळतां आंत शिरतात, आणि दार त्यांना उघडत नाहीं. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली येथील कोणत्याही आवारांत धूळ खात पडलेली एखादी मोटार पाहावी. तिचीं दारें बंद आहेत कीं नाहींत, हें पाहण्याचें कर्तव्य कोणाचें? मालक म्हणेल, "माझें मूल तर घरांत आहे!" ममतेची मर्यादा ती हीच: ती आपल्या मुलापाशीं थांबते. शहाळेंवाल्याचें आमच्या नातीशीं कोणतेंच नातें नव्हतें. तरी त्या दुपारीं तिचें रक्षण त्यानें केलें, आम्हीं नव्हे.

करावयाचें तें फार थोडें आहे. मुलाला एक मिनिटही मोटारींत एकटें ठेवूं नये. उन्हांत उभी असलेली मोटार दारें उघडून आधीं निववावी, आसनाचें बक्कल हातानें चांचपून पाहावें, मगच मूल बसवावें. आपली पिशवी मागें, मुलाशेजारीं ठेवावी, म्हणजे उतरतांना मागें पाहावेंच लागतें. उभ्या मोटारीचीं दारें कुलूपबंद ठेवावीं. परक्या मोटारींत एकटें मूल दिसलें, तर संकोच न करतां लोकांस हांक मारावी व ११२ या क्रमांकावर कळवावें.

आठव्या दिवशीं आम्हीं मुलीला सर्व सांगितलें. ती रागावली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "बाबा, तुमच्या प्रेमाची मला शंका नाहीं, पण यापुढें तेवढ्यावर मला विसंबतां येणार नाहीं." तेव्हांपासून आमची पिशवी मागच्या आसनावर असते.